पाणलोट क्षेत्राचा एकात्मिक आराखडा: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पाणलोट क्षेत्राचे बहुतेक आराखडे शेवटच्या प्रकरणापासून लिहायला घेतले जातात. कोठे किती बंधारे, किती लांबीचे चर आणि किती तळी हे आधी ठरते. त्यासाठी लागणारे नकाशे आणि पाण्याचे आकडे मागाहून गोळा होतात आणि साहजिकच आधी ठरलेल्या कामांच्या बाजूने बोलू लागतात. अशा आराखड्यात प्रत्येक बांधकाम सुटे पाहिले तर बरोबर असू शकते, तरीही सगळी मिळून खोरे सुधारत नाही, कारण एकाच पाण्याची नोंद तीन ठिकाणी साठा म्हणून झालेली असते आणि खालच्या भागाला काय उरणार हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. या लेखात योग्य क्रम दिला आहे. सीमा, मोजणी, ताळेबंद, वाटप, कामे आणि व्यवस्था असा तो क्रम असून एखादी पायरी ओलांडून पुढे गेल्यास कोणती चूक होते, तेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

हा क्रम काही शे हेक्टरांच्या ओढ्यापासून काही शे चौरस किलोमीटरांच्या उपखोऱ्यापर्यंत चालतो. खोरे त्याहून मोठे असेल तर त्याचे उपखोऱ्यांत विभाजन करून प्रत्येकाचा ताळेबंद स्वतंत्र मांडावा; वरच्या उपखोऱ्यातून बाहेर पडणारे पाणी ही खालच्या उपखोऱ्याची आवक धरावी आणि मगच बेरीज करावी.

पूर्वतयारी: पहिल्या पावसाआधी काय हाताशी हवे

दैनिक पावसाच्या नोंदी शक्यतो ३० वर्षांच्या असाव्यात. केवळ वार्षिक सरासरी पुरत नाही, कारण अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी, वार्षिक बेरजेपेक्षा एकेका जोरदार पावसावर अधिक अवलंबून असतो. याशिवाय समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांचे नकाशे, मातीचा पोत आणि खोली, खडकाचा प्रकार, जमिनीचा सध्याचा वापर, विहिरी आणि कूपनलिकांची यादी, अस्तित्वात असलेल्या बांधकामांची आजची स्थिती आणि पाण्यावरचे लिखित किंवा रूढ हक्क यांची माहिती लागते. अस्तित्वातील बांधकामांची यादी कागदावरून उतरवून घेऊ नये; कागदावरचा साठा आणि गाळ भरल्यानंतर उरलेला साठा यांत मोठी तफावत असते.

मोजणीची साधने ओला हंगाम सुरू होण्याआधी बसवलेली असावीत. एक हंगाम हुकला की पूर्ण वर्ष जाते, आणि मग ते वर्ष वाचवण्यासाठी शेजारच्या खोऱ्याचे आकडे उसने घेतले जातात. आराखड्यातील पहिली मोठी चूक सहसा इथेच होते.

तपासणी: किमान एका पूर्ण जलवर्षाच्या, म्हणजे एका कोरड्या हंगामाच्या अखेरीपासून पुढच्या कोरड्या हंगामाच्या अखेरीपर्यंतच्या, मोजणीची तजवीज वेळापत्रकात आणि खर्चात दिसते का? दिसत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

पायरी १: निर्गम बिंदू ठरवा, मग सीमा आखा

पाणलोट क्षेत्राला स्वतःची अशी सीमा नसते. ज्या बिंदूपाशी पाणी बाहेर पडते असे आपण मानतो, त्या बिंदूमुळे ती ठरते. म्हणून प्रथम निर्गम बिंदू निश्चित करावा. तो शक्यतो अशा ठिकाणी असावा, जिथे प्रवाह एकाच अरुंद पात्रातून जातो, काठ स्थिर आहेत आणि प्रवाह मोजता येतो. दोन ओढ्यांच्या संगमावर निर्गम बिंदू ठेवल्यास मोजलेला प्रवाह कोणाचा, हे कधीच सांगता येत नाही. तो संगमाच्या वरच्या अंगाला घ्यावा.

आता सीमा बहुधा उपग्रहावरून मिळालेल्या उंचीच्या आकड्यांवर संगणकाने आखली जाते. २००० साली अवकाश यानातून झालेल्या रडार मोजणीचे सुमारे ३० मीटर जाळीचे आकडे सर्वांना खुले आहेत आणि डोंगराळ भागात ते चांगले काम देतात. सपाट भागात मात्र त्यांच्यावर विसंबू नये. तेथे जमिनीच्या खऱ्या चढउतारापेक्षा आकड्यांतील त्रुटीच मोठी असू शकते, शिवाय झाडांचे शेंडे आणि छपरे हीच जमीन समजून मोजलेली असतात. संगणकावर निर्गम बिंदू प्रवाहरेषेच्या बरोबर चौकटीवर पडला नाही, तर काही हजार हेक्टरांच्या जागी एखाद्या शेताएवढे क्षेत्र आखले जाते. ही चूक निदान लगेच दिसते. रस्त्याचा भराव, कालवा किंवा रेल्वेमार्ग यांनी पाण्याची दिशा बदलली असेल, तर ती चूक नकाशावर दिसतच नाही.

म्हणून सीमा पायी चालून तपासावी. संपूर्ण दुभाजक रेषा, म्हणजे दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणारी रेषा, चालणे शक्य नसल्यास सपाट खिंडी, रस्ते ओलांडणाऱ्या मोऱ्या आणि कालव्यांचे छेद एवढी ठिकाणे तरी जोरदार पाऊस सुरू असताना पाहावीत. पाणी कोणत्या बाजूला वळते हे तेव्हाच नजरेला पडते.

इशारा: जमिनीवरच्या पाण्याची दुभाजक रेषा आणि भूजलाची दुभाजक रेषा एकच असेल असे धरू नये. चुनखडीच्या, भेगाळ किंवा तिरप्या थरांच्या खडकात एका खोऱ्यात मुरलेले पाणी शेजारच्या खोऱ्यात झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. विहिरींतील पाण्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी नकाशावर मांडली, तर हा फरक कळू शकतो. केवळ जमिनीपासूनची खोली मांडून तो कळत नाही, आणि हा गोंधळ फार सर्रास आढळतो.

पायरी २: क्षेत्राची भागांत विभागणी करा

सीमा आखल्यावर क्षेत्राचे माथा, उतार, पायथा आणि सपाटी असे ढोबळ भाग पडतात. त्यांवर मातीची खोली, जमिनीचा वापर आणि खडक यांचे थर घालून लहान घटक तयार करावेत. घटक फार बारीक करण्याचा मोह आवरावा. ज्या दोन घटकांवर शेवटी एकच उपचार होणार आहे, ते वेगळे ठेवून काहीही साधत नाही.

यासाठीची शिवारफेरी माथ्यापासून सुरू करून प्रवाहाच्या दिशेने खाली यावी. वर काय बिघडले आहे, हे पाहिल्यावरच खाली गाळ का साचला, याचा उलगडा होतो. फेरीत स्थानिक माणसे बरोबर असावीत, आणि ती केवळ जमीनधारक नसावीत. गुरे चारणारे, मासे धरणारे आणि घरासाठी पाणी वाहून आणणाऱ्या स्त्रिया यांना कोणता झरा कधी आटतो, हे नेमके ठाऊक असते. विहीरमालकाला ते ठाऊक असेलच असे नाही.

पायरी ३: पाणी मोजा

येथे चार मोजण्या अनिवार्य आहेत: पाऊस, प्रवाह, विहिरींची पातळी आणि गाळ. पर्जन्यमापक झाडापासून आणि भिंतीपासून, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. डोंगराळ क्षेत्रात माथ्यावर एक आणि पायथ्याला एक, असे किमान दोन असावेत.

लहान ओढ्याचा प्रवाह मोजण्यासाठी ९० अंशांची व्ही-नॉच पट्टी, म्हणजे इंग्रजी V आकाराची खाच असलेली पट्टी, सोयीची असते. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचवा घात काढावा आणि त्याला १.३८ ने गुणावे. प्रवाह घनमीटर प्रतिसेकंद मिळतो. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर आणि २० सेंटिमीटर असेल तर सुमारे २५ लिटर पाणी जाते. उंची दुप्पट झाली, तर प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो, म्हणून एक सेंटिमीटरची चूकही क्षुल्लक समजू नये. उंचीही पट्टीच्या अगदी कडेला मोजू नये, कारण तेथे पाणी खाली वाकलेले असते. ती थोडी मागे, शांत पाण्यात मोजावी.

मोठ्या प्रवाहात तरंगणारी वस्तू सोडून पृष्ठभागाचा वेग काढता येतो. मात्र पृष्ठभागावरचे पाणी सरासरीपेक्षा वेगाने जाते, म्हणून त्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणल्याशिवाय तो वापरू नये. हा गुणक विसरल्यामुळे फुगलेले प्रवाहाचे आकडे मी अनेक अहवालांत पाहिले आहेत.

विहिरींची पातळी निदान दोनदा, कोरड्या हंगामाच्या अखेरीस आणि ओला हंगाम संपल्यावर, शक्य असल्यास दरमहा घ्यावी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी निरुपयोगी असते. पंप बंद करून विहीर पूर्ववत भरण्यास वेळ द्यावा. गाळ आणि पाण्याची गुणवत्ता यांसाठी एक नियम पक्का लक्षात ठेवावा: वर्षभराच्या गाळाचा मोठा भाग दोनचार पुरांतच वाहून जातो, त्यामुळे ठरावीक तारखेला स्वच्छ पाण्याचे नमुने घेणारा कार्यक्रम गाळाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

प्रदूषणाच्या बाबतीत नुसती तीव्रता पाहून भागत नाही, भारही, म्हणजे दिवसाला एकूण किती पदार्थ वाहून जातो हेही, काढावा लागतो. एका लिटरमागे मिलिग्रॅम गुणिले घनमीटर प्रतिसेकंद गुणिले ८६.४ म्हणजे दिवसाचे किलोग्रॅम. ०.२ घनमीटर प्रतिसेकंदाच्या प्रवाहात नायट्रेटची तीव्रता लिटरमागे ५ मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला ८६.४ किलोग्रॅम नायट्रेट वाहून जाते. कोरड्या हंगामात तीव्रता जास्त पण भार कमी, आणि पुरात याच्या उलट, असे वारंवार आढळते. ते लक्षात आले की उपाय सांडपाण्याच्या नळाशी करायचा की शेताच्या बांधाशी, हेही ठरवता येते.

पायरी ४: पाण्याचा ताळेबंद मांडा

सगळ्या आराखड्याचा पाया हाच आहे आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात, म्हणून या पायरीला भरपूर वेळ द्यावा. एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, आणि एक चौरस किलोमीटरवर १,००० घनमीटर. १,२०० हेक्टरांच्या एका काल्पनिक पाणलोटात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरू. एकूण आवक ८४ लाख घनमीटर, म्हणजे ८.४ दशलक्ष घनमीटर. मोजणीवरून असे दिसले की त्यांपैकी ४७० मिलिमीटर बाष्पीभवन आणि वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनाने हवेत जाते, १६० मिलिमीटर अपधाव होते आणि ७० मिलिमीटर भूजलाला मिळते (हेच पुनर्भरण). बेरीज ७०० येते, म्हणजे ताळेबंद जुळतो. उपलब्ध पाणी मात्र ८.४ दशलक्ष घनमीटर नसून अपधाव आणि पुनर्भरण मिळून २.७६ दशलक्ष घनमीटरच आहे, आणि तेही संपूर्ण आपले नाही.

आता चुका पाहू.

पहिली चूक दुबार मोजणीची. भूजलात मुरलेल्या पाण्याचा एक भाग कोरड्या हंगामात पाझरून पुन्हा ओढ्यात येतो. निर्गम बिंदूवर वर्षभर मोजलेला सगळा प्रवाह अपधाव म्हणून धरला आणि पुनर्भरणही स्वतंत्रपणे पूर्ण धरले, तर हे पाझराचे पाणी दोनदा मोजले जाते. यासाठी प्रवाहाच्या आलेखातून पुराचा भाग आणि पाझराचा भाग वेगळे काढावेत.

दुसरी चूक विहिरींच्या पातळीवरून पुनर्भरण काढताना होते. पातळी २ मीटर वाढली म्हणजे २ मीटर पाणी मिळाले असे नसते, कारण खडकाच्या एकूण आकारमानापैकी थोडाच भाग पाणी साठवू आणि सोडू शकतो. त्या भागाला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ०.०२ धरला, तर १,२०० हेक्टरांवर २ मीटर वाढ म्हणजे ४.८ लाख घनमीटर, अर्थात ४० मिलिमीटर. त्याच ठिकाणी वाळूच्या थराला शोभणारा ०.१० हा आकडा वापरला, तर २४ लाख घनमीटर येतात आणि कागदावर पाचपट पाणी तयार होते. कठीण खडकात हा आकडा बहुधा एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असतो. आणि ४० मिलिमीटर का, पुनर्भरण तर ७० होते, असा प्रश्न वाचकाला पडला असेल, तर तो योग्यच आहे: उरलेले ३० मिलिमीटर त्याच हंगामात उपसले गेले किंवा ओढ्यात पाझरले. पातळीतील वाढ ही निव्वळ शिल्लक असते, एकूण जमा नव्हे.

तिसरी चूक म्हणजे पावसाच्या ठरावीक टक्क्याइतका अपधाव धरणे. कर्व्ह नंबर पद्धतीने हिशेब करून पाहा. तिच्यात माती आणि जमिनीचा वापर पाहून जमिनीला एक क्रमांक देतात; क्रमांक जितका मोठा, तितका अपधाव जास्त. ७५ हा क्रमांक असलेल्या जमिनीवर एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे १४.५ मिलिमीटर अपधाव मिळतो; पाऊस १२० मिलिमीटर झाला, तर अपधाव सुमारे ५६.६ मिलिमीटर होतो. पाऊस दुप्पट, अपधाव जवळजवळ चौपट. सरासरी टक्केवारी वापरणारा आराखडा कोरड्या वर्षी न येणारे पाणी अडवण्याची तयारी करतो आणि ओल्या वर्षी बांध फुटण्याची.

तपासणी: ताळेबंद सरासरी, कोरडे आणि ओले अशा तीन वर्षांसाठी मांडला आहे का? आवक आणि जावक यांतील न जुळणारा फरक उघडपणे लिहिला आहे का? हा फरक शून्य दाखवणाऱ्या ताळेबंदावर सहसा विश्वास ठेवू नये. त्यातील एखादी बाब बहुधा वजाबाकीने काढलेली असते.

पायरी ५: वाटप ठरवा, आणि खालच्या अंगाचा वाटा आधी बाजूला काढा

उपलब्ध पाण्यातून पहिल्यांदा दोन गोष्टी वजा कराव्यात: खालच्या वापरकर्त्यांचे प्रस्थापित हक्क आणि नदी जिवंत राहण्यासाठी लागणारा प्रवाह. दुसऱ्या गोष्टीसाठी सविस्तर जैविक अभ्यास उत्तम. तो होईपर्यंत कामचलाऊ मोजमाप म्हणून १९७६ साली मांडली गेलेली टेनंट पद्धत वापरतात. तिच्यानुसार सरासरी वार्षिक प्रवाहाच्या १० टक्के पाणी जलचरांना जेमतेम तग धरण्यापुरते असते आणि ३० टक्के बऱ्या अधिवासाला लागते. ही टक्केवारी नैसर्गिक प्रवाहाची आहे. आधीच निम्मा उपसलेल्या प्रवाहावर ती लावली, तर घसरण वर्षागणिक कायदेशीर होत जाते.

मागणीची बाजू लिहिताना वापर आणि क्षय यांत भेद करावा. शेताला दिलेल्या पाण्याचा काही भाग पिकातून हवेत जातो. तो खोऱ्याच्या दृष्टीने संपला. उरलेला भाग मुरून किंवा वाहून खालच्या विहिरीत पोहोचतो. तो संपलेला नाही. ठिबक सिंचनाने हा दुसरा भाग कमी होतो, आणि शेतकऱ्याला झालेली बचत खरी असूनही खोऱ्याला बचत होईलच असे नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवले गेले, तर क्षय वाढतो आणि खालची विहीर कोरडी पडते. म्हणून सिंचन सुधारणेचा प्रस्ताव भिजणाऱ्या क्षेत्राच्या मर्यादेशिवाय आराखड्यात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या खोऱ्यात सगळे पाणी आधीच कोणाच्या ना कोणाच्या वापरात आहे, तेथे नवा साठा नवे पाणी निर्माण करत नाही, ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते एवढेच. हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे. चर्चा लगेच मुद्द्यावर येते.

पायरी ६: उपचार माथ्याकडून पायथ्याकडे

उतारावरचे उपचार आधी, नाल्यांतील नंतर आणि मोठे साठे शेवटी. हा नियम सर्वांना पाठ असतो आणि तरीही मोडला जातो, कारण खालची कामे दिसायला मोठी असतात व लवकर पूर्ण होतात. वरची जमीन उघडी असताना बांधलेले तळे म्हणजे गाळासाठी केलेला खड्डा होय.

माथ्यावर आणि तीव्र उतारावर चराईबंदी किंवा चराईची पाळी, गवताची वाढ आणि समपातळीवरचे चर हे उपाय घ्यावेत. चर समपातळीत नसतील तर पाणी एका टोकाला धावते, तेथून फुटते आणि चराचीच घळ होते. म्हणून आखणी नजरेने न करता पाणनळी किंवा लेव्हल यंत्राने करावी. झाडे लावण्याविषयी एक सावधगिरी: झाडांमुळे माती सावरते आणि पाणी मुरते हे खरे, पण झाडे स्वतःही पाणी वापरतात. कोरड्या प्रदेशात दाट लागवडीनंतर ओढ्याचा वार्षिक प्रवाह घटल्याचे मोजणीत आढळले आहे. जात आणि घनता ठरवताना हा खर्च ताळेबंदात लिहावा.

शेतजमिनीवर बांधबंदिस्ती, उताराला आडवी मशागत आणि आच्छादन हे उपाय येतात. बांधांमधले अंतर उतारावर अवलंबून असते: ४ टक्के उतारावर १ मीटर उंचीचा फरक २५ मीटर अंतरात पडतो. प्रत्येक बांधाला जादा पाणी बाहेर जाण्याची सुरक्षित वाट हवी. ती नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात खालचे सगळे बांध घेऊन जातो.

घळींमध्ये अनघड दगडी बांध घालताना खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. म्हणजे ५ टक्के उताराच्या घळीत १ मीटर उंचीचे बांध साधारण २० मीटर अंतरावर येतात. अंतर यापेक्षा वाढवल्यास मधला तळ पुन्हा खचू लागतो. बांधाचा मध्य काठांपेक्षा खाली असावा. तसे नसेल तर पाणी बांधाला वळसा घालून काठ कापते.

नाला खोलीकरणाबाबत विशेष काळजी घ्यावी. पात्रातला साचलेला गाळ काढणे वेगळे आणि मूळ तळ खणणे वेगळे. तळ खणल्याने आजूबाजूचे भूजल पात्रात निचरून जाऊ शकते, वाळूचा मुरवणारा थर नाहीसा होतो आणि खोदलेल्या भागाच्या वरच्या टोकापासून झीज मागे मागे सरकत जाते.

साठ्याचा आकार ठरवताना खोली पाहावी. दोन तळ्यांत प्रत्येकी २०,००० घनमीटर पाणी मावते, काठ उभे आहेत असे धरा: एक १ मीटर खोल आणि २ हेक्टर पसरलेले, दुसरे ४ मीटर खोल आणि अर्धा हेक्टर. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास १०० दिवसांत पहिल्यातून १०,००० घनमीटर आणि दुसऱ्यातून २,५०० घनमीटर पाणी उडून जाते. पाणी मुरवण्यासाठी केलेले उथळ तळे मात्र वेगळे: ते दोनचार आठवड्यांत रिकामे झाले तर ते त्याचे यश समजावे. साठवण आणि मुरवण हे दोन्ही हेतू एकाच तळ्यावर लादणारे प्रस्ताव परत पाठवावेत.

तपासणी: प्रस्तावित सर्व साठ्यांची बेरीज सरासरी वर्षाच्या नव्हे, कोरड्या वर्षाच्या अपधावातून खालचा वाटा वजा करून उरलेल्या पाण्याशी ताडून पाहा. बेरीज जास्त असेल तर यादीतील शेवटची कामे गाळावीत.

पायरी ७: पुराचा हिशेब आणि सांडवा

लहान क्षेत्रासाठी पुराचा कमाल प्रवाह साध्या सूत्राने काढता येतो: अपधाव गुणांक (पावसाचा किती हिस्सा वाहून जातो तो आकडा) गुणिले पावसाची तासाला मिलिमीटर तीव्रता गुणिले हेक्टर क्षेत्र, भागिले ३६०. ९० हेक्टर, तासाला ६० मिलिमीटर आणि ०.४ गुणांक घेतल्यास सेकंदाला ६ घनमीटर प्रवाह मिळतो. तीव्रता घेताना दिवसभराच्या पावसाला २४ ने भागणे ही घातक चूक आहे. क्षेत्राच्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून पाण्याला निर्गमापर्यंत पोहोचायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळातील तीव्रता लागते.

पुनरावृत्ती काळाविषयीही गैरसमज फार आहेत. २५ वर्षांचा पूर म्हणजे २५ वर्षांत एकदाच, तोही शेवटी, येणारा पूर नव्हे. प्रत्येक वर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के असते आणि २५ वर्षांच्या आयुष्यात निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. १०० वर्षांच्या पुरासाठी सांडवा केला तरी २५ वर्षांत तो ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे २२ टक्के उरते. बांधाखाली वस्ती असेल तर कोणता आकडा घ्यायचा, याचा निर्णय खर्चाच्या रकान्यावर सोडू नये.

पायरी ८: नियम आणि देखभाल, बांधकामाच्या आधी

उपशाची मर्यादा, पाळ्या, टंचाईच्या वर्षी कोणाचा वापर आधी थांबणार आणि गाळ कोणी काढायचा, हे सर्व काम सुरू होण्यापूर्वी लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. पाणी दिसू लागल्यावर कोणीही मर्यादा मान्य करत नाही. टंचाईच्या नियमांना मोजता येणारी खूण जोडावी: अमुक निरीक्षण विहिरीची पातळी अमुक तारखेला अमुक मीटरखाली गेली, तर जादा पाणी लागणारी पिके घ्यायची नाहीत. नुसते ‘गरजेनुसार निर्णय घेतला जाईल’ असे वाक्य म्हणजे नियमच नाही.

देखभालीचा निधी बांधकामाच्या निधीतूनच, पण वेगळ्या खात्यात ठेवावा. ज्यांना विहीर नाही किंवा जमीन नाही, त्यांचा वाटा काय, हे याच कागदावर स्पष्ट असावे. अन्यथा मुरवलेले पाणी खोल कूपनलिका असलेल्यांकडेच जाते.

पायरी ९: निरीक्षण आणि फेरआखणी

काम झाल्यावर पाणी वाढले की नाही, हे ठरवताना दोन वर्षांची थेट तुलना करू नये, कारण पाऊस बदललेला असतो. जवळचे, तशाच उताराचे आणि खडकाचे पण उपचार न केलेले एक पाणलोट सुरुवातीपासून सोबत मोजत राहावे. दोन्हींतील फरक जितका बदलला, तितका कामाचा परिणाम. हे शक्य नसेल तर निदान सारख्या पावसाची वर्षे निवडून तुलना करावी. खालच्या अंगाच्या पुढच्या मोजणी केंद्रावरचा प्रवाहही नोंदवावा. तेथे घट दिसत असेल, तर वरच्या भागात दिसणारी वाढ ही काही अंशी केवळ स्थलांतर आहे.

आराखड्याला मुदत असावी. युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणीविषयक निर्देशानुसार नदीखोऱ्यांचे आराखडे दर ६ वर्षांनी नव्याने तपासावे लागतात. लहान पाणलोटासाठी ५ ते ६ वर्षांचा काळ सोयीचा पडतो, कारण त्यात एखादे ओले आणि एखादे कोरडे वर्ष बहुधा येऊन जाते. फेरआखणीची सुरुवात पायरी ४ पासून करावी, पायरी ६ पासून नव्हे. गाळाने उरलेला साठा पुन्हा मोजावा, विहिरींची यादी पुन्हा करावी, आणि जुन्या ताळेबंदातील न जुळलेला फरक कमी झाला की वाढला, हे पहिल्याच पानावर लिहावे.